डाव्या चाकाची कबुली

आवाज होळीनंतर सुरू झाला. आधी तो एकट्या पुनाजीला ऐकू आला, मग त्याच्या बायकोला. संस्थेतल्या बाकीच्यांच्या कानावर पडला तेव्हा फार उशीर झाला होता.

ठक्क. मग जरासा दम. मग पुन्हा ठक्क. रस्त्यात खड्डा आला की, ब्रेकवर पाय पडला की, वळण आलं की. जीपच्या समोरच्या अंगातून, डाव्या बाजूनं. आत कोणीतरी कोंडलंय आणि बोटाच्या पेरानं दार ठोकतंय, असं वाटावं.

जीप लढाईतली होती. लढाई संपल्यावर लिलावात निघाली, एका जिनिंगवाल्या शेठजीनं घेतली, आणि मन भरल्यावर संस्थेला दान करून टाकली. चारही चाकांनी ओढणारी गाडी. काळ्या मातीच्या चिखलात बैल बसले तिथून ही निघायची. हाकायचं चाक, म्हणजे स्टिअरिंग, डाव्या हाताला, म्हणून पुनाजी डावीकडं बसायचा आणि नानाजी उजवीकडं. खेड्यातली माणसं हात जोडत ती उजवीकडच्याला, आणि पोरं पाहत ती डावीकडच्याला.

संस्था पिपरी मेघेच्या पुढं, देवळीच्या रस्त्याला होती. कडुलिंबाची चाळीसेक झाडं, मातीच्या भिंतींची घरं, सूतकताई, मधमाश्या, आणि मधोमध तेलाची घाणी. तिथं जवस गाळला जाई. नानाजींनी ही संस्था रिकाम्या माळावर उभी केली होती. माणूस सोन्यासारखा. आवाज कधी चढला नाही, कोणाला 'अरे' म्हटलं तर त्यातही माया. पुनाजी उईके आर्वीकडच्या जंगलपट्टीतला गोंड. लढाईत आसामच्या डोंगरांत फौजेचे ट्रक चालवून आलेला. नानाजींनीच त्याला हाताला धरून आणलं, एक खोली दिली, आणि चार वर्षांपूर्वी त्याच्या ओंजळीत पाणी घालून वचन घेतलं: दारूला शिवणार नाही. त्या दिवसापासून पुनाजीनं मोहाच्या दारूचा थेंब चाखला नव्हता. सासऱ्याच्या तेराव्यालासुद्धा नाही, आणि त्यावरून सासरी जी बोलणी खाल्ली ती त्याची त्यालाच ठाऊक.

त्याची बायको गंगा पहाटे जात्यावर बसायची. घरात दोघं गोंडी बोलत; भांडण आलं की वऱ्हाडी, कारण शेजाऱ्यांनाही कळलं पाहिजे. ओव्या मात्र गंगा वऱ्हाडीतल्याच म्हणायची. जीप दारावरून गेली की ती हात थांबवून ऐकायची.

"तुमची गाडी खुंटा ढिला झालेल्या जात्यावानी बोलते," ती एकदा म्हणाली.

"मले मालूम हाय."

"मंग काऊन करून नाई राह्यले काही?"

करून राह्यला होता तो. पंधरा दिवस रोज कोठीवर जात होता. कोठी किसनरावांच्या ताब्यात. किसनराव म्हणजे संस्थेचे कोठीवाले. सुपारीएवढी वस्तूसुद्धा त्यांच्या हातून निघताना कण्हायची.

"किसनराव, गाडीले ग्रीस पाह्यजे जी. एक डबा."

"ग्रीस विलायती. नानाजींचा नियम माहीत आहे ना?"

"विलायती तं गाडीच हाय जी."

किसनराव हसले नाहीत. घाणीवरच्या जवसाच्या तेलाची बुधली त्यांनी पुढं सरकवली. नियम असा होता, की संस्थेत जे फिरतं त्याला संस्थेतलंच तेल. चरख्याला तेच, रहाटाला तेच, जीपलाही तेच. तीन वर्षं.

पुनाजी मग नानाजींकडं गेला. नानाजी सूत काततच म्हणाले, "अरे पुनाजी, हे तेल आपण खातो. माणसाच्या पोटाला जे सोसतं ते लोखंडाला सोसणार नाही?"

"निदान एरंडीचं तरी द्या जी. बैलगाडीले तेच घालते."

"आपल्या घाणीवर जवस निघतो. शेजारच्या गावचं तेल आणायचं, तर मग घाणी कशाला?" आणि ते असं गोड हसले की पुनाजी बुधली घेऊन निघाला. लोखंडाले पोट नसते जी, हे उत्तर त्याला सुचलं ते पार जीपपाशी पोचल्यावर. आणि सुचलं असतं तरी काय! नानाजींना उलट उत्तर द्यायचं म्हणजे देवळात चपला घालून जायचं.

चैत लागला. जंगलात मोह गळायला लागला. एका बुधवारी पुनाजी एकटाच जवसाची पोती आणायला नाचणगावला गेला. परत येताना ठक्क इतका वाढला की त्यानं गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं आणली. पोचायला दोन तास उशीर झाला. किसनरावांनी फाटकात उभं राहून सूर्याकडं पाहिलं, मग पुनाजीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नानाजींना आणि किसनरावांना घेऊन तो देवळीला गेला. परतताना नाल्याच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला, आणि समोरचं सारं अंग हिव भरल्यासारखं थरथरलं. हातातलं चाक हिसडा देऊन डावीकडं पळालं. पुनाजीनं ओढून धरलं म्हणून गाडी नाल्यात गेली नाही, बाभळीत जाऊन टेकली. नानाजींचं कपाळ काचेच्या चौकटीवर आपटलं. बोराएवढं टेंगूळ आलं.

"काही नाही, काही नाही," नानाजी म्हणाले.

किसनराव उतरले. वाकून समोरच्या लोखंडी पट्टीवरचा पोचा त्यांनी बोटानं दाखवला. "हे काय आहे?"

"ते लढाईतलं हाय जी. गाडी आली तवापासून हाय."

"मी तर नव्हतं पाहिलं." मग नानाजींकडं वळून, हलक्या आवाजात, पण पुनाजीला ऐकू जाईल इतक्याच हलक्या: "काल हा नाचणगावहून दोन तास उशिरा आला. दिवस मोहाचे आहेत. कुठं थांबला, कुठल्या गोट्यावर गाडी घातली, देव जाणे. शेवटी रक्त आपला गुण सोडत नाही, नानाजी."

नानाजींनी हात वर केला, म्हणजे असं बोलू नका. पण 'हे खोटं आहे' असं ते म्हणाले नाहीत. संस्थेपर्यंत पुनाजी त्या न बोललेल्या शब्दाची वाट पाहत गाडी हाकत राहिला. शब्द आला नाही. डावं चाक तेवढं बोलत होतं.

शुक्रवार हा कबुलीचा दिवस. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळे गोल बसत आणि ज्यानंत्यानं उठून आठवड्यातली आपली चूक सांगायची, अशी संस्थेची रीत होती. त्या शुक्रवारी स्वयंपाकात मदत करणारी सीताबाई म्हणाली की तिनं नैवेद्याआधी गूळ खाल्ला. घाणीवाला गोमाजी म्हणाला, "मी बैलाले शिवी देल्ली." कोणीतरी विचारलं, कोणती? गोमाजी म्हणाला, "ते आता सांगतलं तं दुसरी चूक होईन." सगळे हसले. नानाजीही हसले.

मग पुनाजीची पाळी आली आणि हसू थांबलं.

तो उभा राहिला. "माही या आठवड्यात काही चूक नाई जी. गाडी कुठंच ठोकली नाई. मी पेलो नाई. गाडीले ग्रीस पाह्यजे."

कडुलिंबाचा फुलोरा गोलावर गळत होता. नानाजींनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. आणि तेच वाईट झालं, कारण ते पाणी खरं होतं.

"दोष पुनाजीचा नाही," ते म्हणाले. "दोष माझा आहे. चार वर्षं माझ्या सावलीत राहून एका माणसाला खरं बोलायची भीती वाटते, म्हणजे माझीच साधना उणी पडली. पुनाजीच्या तोंडून सत्य निघेपर्यंत मी अन्न घेणार नाही."

चाळीस माणसांनी एकदम पुनाजीकडं पाहिलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. मार चुकवता तरी येतो.

शनिवारपासून त्याला जीप हाकायची मनाई झाली. उघडायची मनाई करायचं मात्र कोणाला सुचलं नाही. पुनाजीनं ती ढकलत कडुलिंबाखाली नेली. खोट्याची शिक्षा मिळते हे त्याला ठाऊक होतं, पण खरं शाबित करायला काय लागतं ते आता शिकायचं होतं. फौजेतल्या उस्तादानं सांगितलेलं एक वाक्य त्याच्याजवळ होतं: आवाजाच्या मागं धावू नको, एकेका सांध्याला हात लावून विचार.

हाताखाली कोणी येईना. नानाजींना उपाशी पाडणाऱ्याला पाना कोण देईल? मग गंगाच आली, पदर खोचून.

"काय करू?"

"ते चाक इकडं तिकडं फिरव. हळू."

ती स्टिअरिंग डावी-उजवी फिरवायची आणि तो खाली पाठीवर पडून एकेक सांधा मुठीत धरायचा. सांधा ढिला असेल तर मुठीला हिसका कळतो. एक धरला, दुसरा धरला. दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांडीची दोन्ही टोकं ठीक होती. मग पहार घालून गाडीचा भार झेलणाऱ्या कमानीचे पाटे उचलून पाहिले. पाटे कुरकुरले, पण ठोकले नाहीत. रविवारी त्यानं जॅक लावून डावं चाक जमिनीवरून उचललं. वरून एका हातानं, खालून दुसऱ्या हातानं धरून हलवलं.

ठक्क.

गंगा दचकली. "हाच तो! हाच मेला दारावरून जाते!"

"थांब. आता दोन चोर राह्यले. एक चाकातला बेअरिंग, नाई तं मागची पिन. जिच्यावर सारं चाक वळते, ते. तुह्या जात्याची मधली खीळ समज. आता वर बस अन् ब्रेक दाब."

"मी?"

"नाई तं कोन, किसनराव?"

गंगा आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर बसली. कोणी पाहत नाही ना म्हणून आधी चारी दिशांना पाहिलं, मग पदर सावरला. "कोनता दाबू?"

"मधला. दोन्ही पायांनी."

"दाबला. आता उचलू?"

"उचलू नको ना माय! दाबून धर. ब्रेक दाबला म्हंजे चाक अन् त्याचा बेअरिंग एक होते. आवाज थांबला तं बेअरिंग चोर. नाई थांबला तं पिन." त्यानं पुन्हा हलवलं.

ठक्क.

"दाबूनबी ठोकते," ती वरून म्हणाली.

"सापडला," तो खालून म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. तीही हसली. कडुलिंबाखाली त्या पडक्या गाडीपाशी दोघं अशी हसली, की लांबून जाणारी सीताबाई थबकली आणि तोंड फिरवून गेली. दुपारपर्यंत सगळीकडं बोभाटा झाला: तिकडं नानाजींच्या पोटात अन्नाचा कण नाही, अन् इकडं नवराबायको गाडीत बसून खिदळतात.

त्यानं पिनेवरचं झाकण खोललं. आत पिनेचा आपला वेगळा, छोटा बेअरिंग होता; त्याचे दाणे होते, पण फिरत नव्हते. त्यांच्यावर तपकिरी, चिवट, कातड्यासारखं काहीतरी बसलं होतं. नखानं ओढलं तर लांबत येई. पिन एका अंगानं खाल्ली गेली होती, आणि जिथं खाल्ली गेली होती तिथं आरशासारखी गुळगुळीत चमकत होती.

"हे पाह्य," तो म्हणाला. "ठोकून तुटलेलं लोखंड खरबरीत दिसते, खड्याच्या मिठावानी. हे तुटलं नाई. हे झिजलं. सुकं राहून राहून झिजलं. पन हे कातडं कशाचं?"

गंगानं ते बोटावर घेतलं, वास घेतला. उठली, खोलीत गेली, आणि घरातली तेलाची बुधली घेऊन आली. बुधलीच्या तोंडाशी ओघळ वाळून तेच झालं होतं. तपकिरी, चिवट. दर आठवड्याला ती राखेनं घासायची आणि दर आठवड्याला ते पुन्हा धरायचं.

"जवसाचं तेल," ती म्हणाली. "वाळलं का असंच होते. कोन्याही बाईले इचारा."

कोणत्याही बाईला विचारायचं होतं. तीन वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी पुनाजीनं बेअरिंग पळसाच्या पानात बांधला, झिजलेली पिन धडप्यात गुंडाळली, आणि तो नानाजींच्या घरापाशी गेला. ओट्यावर प्रमिलाबाई होत्या. नानाजींच्या पत्नी, संस्थेचं स्वयंपाकघर त्यांच्या हातात, आणि खरं तर संस्थाही. तीन दिवसांत त्याही वाळल्या होत्या.

"बाई, सापडलं जी. हे पाहा."

त्यांनी पान उघडलं. बेअरिंगवरचं कातडं अंगठ्याच्या नखानं खरवडलं. वीस वर्षं त्यांनी जवसाच्या तेलाच्या कढया घासल्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. पुनाजीला त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटलेलं दिसलं, आणि त्याच्या छातीवरचा गोटा उतरला. मग प्रमिलाबाईंनी पान होतं तसं मिटलं, दोरा गुंडाळला, आणि त्याच्या हातात परत दिलं.

"आज चौथा दिवस आहे," त्या म्हणाल्या. "रात्री त्यांच्या छातीत धडधडत होतं. वर्ध्याहून डॉक्टर येऊन गेले."

"म्हनूनच तं आलो जी. सांगतलं म्हंजे सुटन उपास."

"काय सांगणार तू? की तुमच्या घाणीचं तेल खोटं? ज्या तेलासाठी गावोगाव पायपीट केली, त्यानं तुमचंच कपाळ फोडलं? आणि वर, तुम्ही चार दिवस उपाशी राहिलात ते उगाचच?" त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "हे ऐकून ते उपास सोडणार नाहीत, पुनाजी. स्वतःच्या चुकीसाठी पुन्हा एकवीस दिवसांचा धरतील. मी ओळखते त्यांना."

"मंग मी काय करू जी?"

त्यांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ओट्यावर झाकून ठेवलेल्या फुलपात्राकडं पाहिलं. त्यात लिंबू पिळून, गूळ घालून ठेवला होता. रोज सकाळी त्या नवीन करत, रोज संध्याकाळी झाडाला ओतत.

"तुझं काही जाणार नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "दोन शब्द. ते क्षमाच करतील. त्यांना क्षमा करायला फार आवडतं."

पुनाजी घरी आला. गंगा जात्याशी होती. त्याचं तोंड पाहून तिनं खुंटा सोडला. त्यानं सगळं सांगितलं.  मग ती वऱ्हाडीत बोलली, म्हणजे शेजाऱ्यांनाही कळावं असं.

"खोटं नोका बोलू. तुमी चार साल वचन पाळलं. माह्या बापाच्या तेराव्याले पानी पेऊन उठले, अन् माह्या भावाईनं तोंडावर थुकलं तरी गप राह्यले. ते सारं आता या लिंबाच्या पान्यात बुडवता?"

"मानूस मरून जाईन, गंगे."

"मरत नाई तो. त्याच्या उशाशी लिंबू घेऊन उभे हायेत. आपन पोटात आग घेऊन महिना काढला असन, तवा कोन आलतं लिंबू घेऊन? आपला उपास, उपास नसते काय?"

"त्यानं मले हात धरून आनलं."

"अन् आता त्याच हातानं बुडवते."

"तो बुडवून नाई राह्यला. त्याले दिसूनच नाई राह्यलं." पुनाजी पळसाचं पान उलटसुलट करत राहिला. "अन् दिसलं तं तो मरन. बाई खरं बोलते."

गंगानं पुन्हा खुंटा धरला. जात्यात दाणा नव्हता, तरी दळत राहिली. दगडावर दगड.

*जातं बोले घरघर, खुंटा बोले करकर,*
*ज्याचं दुखे तोच बोले, बाकी साऱ्याईचं बरं.*

संध्याकाळी नानाजींना खाटेसकट प्रार्थनेच्या जागी आणलं. गालांत खड्डे, कपाळावरचं टेंगूळ पिवळं पडलेलं. पुनाजी गोलात उभा राहिला. बंडीच्या खिशात पिन होती. जड होती, बंडी एका बाजूनं ओढली गेली होती. त्याला वाटलं, कोणी तरी विचारेल, खिशात काय आहे? त्यानं थोडा वेळ वाट पाहिली. कोणी विचारलं नाही.

"मी पेलो," तो म्हणाला. "नाचणगावच्या वाटेवर. मोहाची. गाडी गोट्यावर घातली."

आधी कोणाला कळलंच नाही. मग सीताबाईनं हुंदका दिला. मग दोघंतिघं रडायला लागली, आनंदानं. प्रमिलाबाईंनी फुलपात्र पुढं केलं. त्यांचा हात स्थिर होता, एक थेंब सांडला नाही. नानाजींनी घोट घेतला, आणि पुनाजीला जवळ बोलावून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका हलका झाला होता, की वाळलं पान पडावं.

"पुनाजी, आज तू मला जिंकलंस," ते म्हणाले. "चार दिवस तू आतल्या आत किती जळला असशील! आता मोकळा झालास ना?"

"हो जी."

"चाक मात्र तुझ्या हातात देणार नाही. शिक्षा नाही रे ही. वाट रानातून जाते, मन दुबळं असतं. तू इथंच राहा, माझ्या डोळ्यांसमोर. गोमाजी म्हातारा झाला. घाणी तू सांभाळ."

गोलाच्या पलीकडं किसनराव डोळे पुसत होते. तेही खरेच पुसत होते.

त्याच रात्री पुनाजीनं जीप जोडून ठेवली. जमेल तेवढं कातडं खरवडलं, दाणे मोकळे केले, झिजलेली पिन उलट्या अंगानं बसवली. नवी मागायची तर कशासाठी म्हणून मागायची? आत घालायला बुधलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमिलाबाईंनी गंगाकडं गुळाची ढेप पाठवली, केळीच्या पानात. गंगानं ती घाणीच्या बैलाला चारली. सगळी. एक खडासुद्धा ठेवला नाही.

बैलाच्या डोळ्यांना फडकं बांधलेलं असे. पुनाजी त्याच्या मागं फिरे. आसामच्या डोंगरांत त्यानं ढगांतून गाड्या नेल्या होत्या. आता सकाळी जिथून निघे, दुपारी तिथंच असे. घाणीची लाकडी लाट फिरे, जवस चुरडला जाई, खालच्या भांड्यात सोनेरी धार पडे. तेल सुरेख निघत होतं. नानाजी येऊन वास घेऊन जात आणि म्हणत, पुनाजीच्या हाताला शुद्धी आली आहे.

पुढच्या शुक्रवारी कबुलीत त्याची पाळी आली. तो उठला. "या आठवड्यात काही चूक नाई जी." नानाजींनी मान डोलावली. सगळ्या गोलानं डोलावली. त्या दिवशी त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

वैशाखात नवा ड्रायव्हर आला. श्रावण त्याचं नाव, वर्ध्याचा, पानाची पिंक टाकायला जागा शोधणारा, तोंडाचा मोकळा. पंधरा दिवस जीप गप होती. मग एका सकाळी ती घाणीवरून गेली, आणि चालता बैल जागीच थांबला, कान टवकारून. पुनाजीही थांबला.

ठक्क.

दुपारी श्रावण बुधली घेऊन आला. "किसनराव म्हन्ले, गाडीले तेल घेऊन जा. काय बे भाऊ, ग्रीस नाई भेटत का इथं?"

"नाई."

"समोरून ठोकते ना ती. डावीकडून. काऊन ठोकते? तुमीच चालवत होते म्हन्ते पहिले."

पुनाजीनं बुधली घेतली. तिच्या तोंडाशी तपकिरी कातडं धरलं होतं. ते त्यानं नखानं काढलं, बोटावर गुंडाळलं. बाजूच्या ओट्यावर गंगा पेंड फोडत होती. तिचा हात थांबला. ती नवऱ्याकडं पाहू लागली. खोलीत फळीवर पळसाचं पान अजून तसंच होतं, आत खरवडलेलं कातडं. उठून चार पावलं टाकायची, आणून दाखवायचं. एवढंच.

ओसरीत नानाजी सूत कातत बसले होते. गालांवर पुन्हा मांस आलं होतं. त्यांनी लांबून पुनाजीला हात केला.

"उतारावर जोरात ब्रेक नको मारजो," पुनाजी श्रावणला म्हणाला. "उताराआधीच हळू कर. खड्डा आला तं उजव्या अंगानं घेजो. चाक दोन्ही हातानं धरत जाजो, नेहमी."

"ते ठीक हाय. पन ठोकते काऊन?"

पुनाजी भांड्यातलं तेल ओतत होता; धार बुधलीत पडत होती, बारीक, न तुटणारी.

"गोट्यावर घातलती मी," पुनाजी म्हणाला.

"असं होय!" श्रावण हसला. "मारून राह्यले असान दोन घोट." बुधली बगलेत मारून तो गेला.

गंगानं पेंड तशीच टाकली आणि आत गेली. जात्याचा आवाज सुरू झाला. या वेळी दाणा होता. बैल चालू लागला, आणि त्याच्या मागं पुनाजी. देवळीच्या रस्त्याला जीप लागली तेव्हा घाणीच्या करकरीतून, जात्याच्या घरघरीतून ती दूरवर ऐकू येत राहिली, ठक्क, ठक्क. पहिल्या वळणापर्यंत, मग दुसऱ्या. पुनाजी एकेक मोजत होता.

*जातं बोले घरघर, खुंटा बाई मुका झाला,*
*ज्याचं दुखे त्याच्या तोंडी कोनं गूळ कोंबला.*